चार रात्रींचा मुक्काम

पुण्याच्या पूर्वेला, जिथे डांबरी रस्ता नुकताच झाला आहे आणि माळावर प्लॉटच्या हद्दीचे दगड रोवले गेले आहेत, तिथे दिवाळीनंतरच्या एखाद्या संध्याकाळी धनगरांचा वाडा उतरलेला दिसतो. हा वाडा म्हणजे इमारत नव्हे. एकत्र चालणारी काही कुटुंबे, त्यांची मेंढरे, घोडी आणि कुत्री मिळून तो होतो. घोड्यांच्या पाठीवरचे बिऱ्हाड खाली येते, त्यातून भांडी, घोंगड्या, कोंबड्यांचे डालगे आणि चालून दमलेली दोन-चार कोकरे निघतात, आणि अंधार पडण्यापूर्वी खुंट्यांना वाघर, म्हणजे जाळे, ताणून मेंढरे आत कोंडली जातात. चार रात्रींनी वाडा हलतो, आणि मागे लेंड्यांचा एक काळपट चौकोन तेवढा राहतो.

या चालण्यामागचे गणित पावसाचे आहे. फलटण, बारामती, इंदापूर हा पट्टा पर्जन्यछायेतला; तिथे वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या माथ्यावर काही ठिकाणी त्याच्या दहापट. दख्खनी मेंढी कोरड्या हवेची. चिखलात तिचे खूर कुजतात, म्हणून पावसाळ्यात ती पूर्वेकडच्या माळावर असते, आणि तिथला चारा संपत आला की कळप पश्चिमेकडे, काही तर घाट उतरून थेट कोकणात जातात. गवत एका जागी बारमाही मिळत नसेल, तर ते जिथे जेव्हा असेल तिथे तेव्हा पोहोचणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. स्थिर माणसाला ही भटकंती वाटते, पण त्यात स्वैर असे फारसे काही नाही. वाटा, मुक्काम आणि ज्यांच्या रानात उतरायचे ते शेतकरी बहुधा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात.

शेतकरी आपल्या रानात रात्रीपुरती मेंढरे बसवून घेतो, आणि त्याबद्दल धनगराला पूर्वी धान्य मिळे, आता बहुतेक ठिकाणी पैसेही मिळतात. रसायनाच्या भाषेत हा व्यवहार नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा आहे. मेंढी दिवसभर रस्त्याची कड, पडीक जमीन आणि कापणी झालेली शेते यांतला तुरळक पाला वेचते आणि त्यातले नत्र रात्री एका जागी आणून टाकते. लेंडीतले नत्र हळूहळू सुटते. मूत्रातले मात्र युरियाच्या रूपात असते आणि पिकाला लवकर मिळू शकते. ऊन लागले की या युरियाचा अमोनिया होऊन तो हवेत उडू लागतो, म्हणून जाणता शेतकरी मेंढरे उठताच वखराची उथळ पाळी देऊन ते मातीत मिसळून टाकतो. शहरालगतच्या अशा मळ्यांतली मेथी आणि कोथिंबीर शहराच्या मंडईत येते, आणि ती निवडणाऱ्या कुणालाही आपल्या ताटापर्यंत मेंढराचे खूर उमटले आहेत याची कल्पना नसते.

या वाटा किती जुन्या असाव्यात, याचा शोध घेणाऱ्यांत गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव पहिल्याने घ्यावे लागते. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले कोसंबी येथील टेकड्यांवर हिंडून अश्मयुगीन माणसाची बोटाच्या पेराएवढी दगडी हत्यारे वेचत, आणि धनगरांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या स्थलांतराची त्यांच्याशी सांगड घालत. घाटवाटा, त्यांच्या तोंडाशी असलेली लेणी आणि वाटा मिळतात तिथली देवींची ठाणी यांचा माग त्यांनी गुराख्या-मेंढपाळांच्या पायवाटांपर्यंत नेला. शहर आधी आणि रस्ते नंतर, असे आपण गृहीत धरतो. कोसंबींच्या मांडणीत पाय आधी येतात.

पुढे 1980 च्या दशकाच्या प्रारंभी मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातल्या वडापुरी परिसरात येणाऱ्या तीन भटक्या समाजांच्या शिकारीचा अभ्यास केला. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि पक्षी धरत, नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर आणि घोरपड यांच्या मागे जात, तर वैदू मुंगूस-रानमांजरासारखे लहान मांसाहारी प्राणी पकडत. एकाच माळावर राहूनही तिघांनी आपापला वेगळा कोनाडा, म्हणजे पोट भरण्याची वेगळी जागा आणि रीत, राखला होता, आणि सजीवांच्या जाती स्पर्धा टाळण्यासाठी नेमके हेच करतात. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आधीच आली होती आणि माळही आटत गेले, तेव्हा या समाजांतील अनेकांना नवे कोनाडे शोधावे लागले, आणि ते शहरात होते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, सुरीला धार लावणारा, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई, हे सगळे फिरते व्यवसाय शहराच्या अशाच फटींत जगत आले. मिक्सर आल्यावर टाकीची फट बुजली. बोहारणीची अजून पुरती बुजलेली नाही.

भटक्या पक्ष्यांसाठीही शहर असे कोनाडे तयार करते, आणि तेही नकळत. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते. त्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर, म्हणजे फॉस्फरसवर, शेवाळ माजते, गाळात कीटकांच्या अळ्या वाढतात, आणि याच जलाशयाच्या काठच्या भिगवणच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात मोठे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, त्यांवर चरायला उतरतात. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो, जाड जिभेने पाणी आत ओढून बाहेर फेकतो आणि चोचीच्या कडेच्या चाळणीत अन्न अडकवतो. अन्नातल्या रंगद्रव्यामुळे त्याला तो गुलाबीपणा येतो. म्हणजे ज्या पिसांचे फोटो काढायला रविवारी पहाटे पुण्याहून गाड्या निघतात आणि मच्छीमारांच्या होड्यांना भाडे मिळते, त्या पिसांच्या रंगात आपल्याच मोऱ्यांचा थोडा वाटा आहे. याला शहराचे पुण्य समजण्याचे कारण नाही, कारण हेच नत्र वाढत गेले तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. शिवाय शहर पक्ष्यांना बोलावते तसे मारतेही. मे 2024 मध्ये मुंबईत घाटकोपरवर रात्री उडणाऱ्या थव्याला विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास रोहित मेले.

माळावरच्या त्या प्लॉटवर पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, तेव्हा गवत सगळीकडे एकदमच उगवते. आठ-दहा दिवसांनी मात्र, जेवढ्या जागेत वाघर ताणली होती तेवढा एक चौकोन बाकीच्या माळाहून गडद हिरवा दिसू लागतो, आणि हद्दीच्या दगडांशी त्याचा काहीही मेळ बसत नाही.