घाम अडला म्हणून कर्करोग होत नाही

पुण्यात उन्हाळा चढला की सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना मेसेज हमखास येतो: डिओ लावल्याने घाम अडतो, शरीरातलं विष काखेतल्या गाठींत साठतं आणि स्तनाचा कर्करोग होतो.

पटण्यासारखं वाटतं, कारण काखेत लिम्फ नोड्स, म्हणजे लसीका ग्रंथी, खरंच असतात. पण घामाच्या ग्रंथी कातडीत असतात आणि कातडीवरच उघडतात. लसीका ग्रंथींकडे जाणारी वाटच त्यांना नाही. शिवाय घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. नको ती द्रव्यं बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडांचं.

मेसेजमधला दुसरा मुद्दा, की कर्करोगाच्या बऱ्याच गाठी स्तनाच्या काखेकडच्या वरच्या भागात सापडतात. हे बरोबर आहे. स्तनाच्या ग्रंथींचा सर्वांत मोठा वाटा तिथेच असतो, डिओ लावा वा न लावा.

मग मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीला, येताना डिओ लावू नका असं का सांगतात? रास्त प्रश्न. घाम रोखणाऱ्या अँटीपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. त्यांचे कण चित्रात पांढरे ठिपके होऊन उमटतात आणि कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे भासतात, जे कधी कधी कर्करोगाची खूण असतात. तपासणी केंद्रात विचारून बघा, हेच सांगतील. बाटलीमागची यादीही वाचा: नुसत्या डिओत बहुतेकदा ॲल्युमिनियम नसतंच, तो फक्त वास झाकतो.

काखेतली गाठ साध्या जंतुसंसर्गानेही सुजते. दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही तर डॉक्टरांना दाखवा. स्तनात नवी गाठ लागली तर, दुखत नसली तरी, तेवढंही थांबू नका.