हाली सिक्का नाणी : पारख आणि खरेदी-विक्री

हाली सिक्का म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे चलन. त्याच्या नाण्यांचा संग्रह, त्यांचे मूल्य ठरविणे व त्यांचा व्यवहार हा इथला विषय. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे सप्टेंबर १९४८ पर्यंत या संस्थानात होते. त्यामुळे इथल्या जुन्या घरांतून, देवघरातील डब्यांतून हे रुपये अजून निघतात.

१८५७ च्या उठावानंतर संस्थानी नाण्यांवर मोगल बादशहाच्या जागी आसफजाह हे निजाम घराण्याचे नाव आले. चारमिनारचा छाप बहुधा हिजरी १३२१ पासूनचा, म्हणजे इ. स. १९०३-०४ च्या सुमाराचा. चारमिनारच्या कमानीत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर ‘मीम’ हे अरबी अक्षर असते, तर शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर ‘ऐन’. संग्राहकाची नजर आधी तिथेच जाते. उस्मान अली ऑगस्ट १९११ मध्ये गादीवर आले आणि हिजरी १३२९ त्याच डिसेंबरात संपले, म्हणून त्यांच्या नावाची १३२९ ची नाणी जेमतेम चार महिन्यांतली आहेत. या व १३३० च्या काही नाण्यांवर ऐन अर्धवट उमटलेला आहे. पुढे तो पूर्ण दिसतो. जाणकार अर्ध्या ऐनाला वेगळा भाव देतात. सन वाचताना मात्र घोटाळा होतो. नाण्यावर हिजरी सन असतो, पण संस्थानच्या महसुली कागदांत फसली हा वेगळा सन असे. नाण्यावरचा १३३० फसली समजला तर १९२०-२१ साल निघते, प्रत्यक्षात ते १९११-१२ आहे.

हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि चांदी हजारात ८१८ भाग, म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. इंग्रजी कलदार रुपयात ती सुमारे १०.६९ ग्रॅम. सात हाली बरोबर सहा कलदार हा प्रचलित हिशोब या आकड्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. म्हणून तो केवळ सरकारी ठरावाने आला असे मानण्यापेक्षा धातूच्या प्रमाणातून आला हे मत अधिक सयुक्तिक वाटते. १९४० च्या दशकातील हाली रुपयांत चांदी वजनाच्या निम्म्यावर आली. हाली चलन सामान्यतः १९५९ मध्ये रद्द झाल्याचे धरले जाते.

सराफाकडे नाणे मोडीच्या भावाने जाते. तो भाव म्हणजे मूल्याचा तळ. त्यावरची किंमत सन, छाप व झीज यांवर ठरते. चिंचेने किंवा राखेने घासून चकचकीत केलेल्या नाण्याची वरची छटा जाते आणि ती कायमची जाते. विकण्याआधी घासणे हा सर्वांत वाईट सल्ला होय. माळेसाठी कडी डाखलेल्या रुपयावर, कडी काढली तरी, काठाला डाखाचा डाग राहतो आणि भाव उतरतो. तरीही असे नाणे वितळवू नये. ओतीव नकली नाण्यांचे अक्षर बोथट असते, काठावर सांध्याची रेघ दिसते आणि वजन चुकते. सराफाचा काटा इथे उपयोगी पडतो.

शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात; उस्मान अली यांची सुरुवातीची नाणीही आता त्यांत मोडतात. अशा वस्तूंच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठविता येत नाहीत. जमिनीत सापडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.