मुका मार: मेंदूला हादरा की कवटीत रक्त?

द्वारका चौकात दुचाकी घसरली की गर्दीतून दोन प्रश्न हमखास येतात: रक्त आलं का, शुद्ध गेली होती का? दोन्हींना 'नाही' म्हटलं की माणसाला कपडे झटकून घरी धाडतात. फार तर कुणी कांदा हुंगवतो, नाशकात त्याला काय तोटा! पण आत काय झालंय, ते या दोन प्रश्नांनी कळत नाही.

डोक्याला मुका मार लागल्यावर बऱ्याचदा मेंदूला नुसता हादरा बसतो. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. मेंदूचं काम काही काळ विस्कटतं, पण सीटी स्कॅन सहसा स्वच्छ येतो. डोकं दुखतं, गरगरतं, उजेड नकोसा होतो, अपघाताच्या आसपासचं आठवत नाही. बहुतेकांची शुद्ध जातही नाही. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, बहुतेक जण सावरतात. तोवर 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मग नाटकं कसली?' असं सातपूरला शिफ्टवर जाणाऱ्याला ऐकवू नये.

कवटीच्या आत रक्त साचणं हे प्रकरण निराळं. कवटी फुगत नाही, त्यामुळे रक्त वाढेल तसा मेंदू दाबला जातो. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून लागूनच एक धमनी जाते. ती फाटलेला माणूस कधीकधी उठून बसतो, नीट बोलतो, चहासुद्धा पितो आणि काही तासांत कोसळतो. मधल्या त्या बऱ्या वेळेनेच घात होतो.

म्हातारपणी हेच फार सावकाश घडतं. वयानुसार मेंदू आक्रसतो, त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात घसरलेल्या आजींची चाल काही आठवड्यांनी बिघडते, बोलण्यात घोळ होतो आणि घरचे 'वय झालं' म्हणून सोडून देतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साधं आपटल्यावरही डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

पहिल्या तासात दोन्ही सारखेच दिसू शकतात. म्हणून पहिले 24 तास सोबत कुणीतरी हवं. हादऱ्याचा त्रास हळूहळू ओसरतो, रक्तस्रावाचा वाढत जातो. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, हाका मारूनही नीट जाग न येणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या होणं, फिट, कानानाकातून पाण्यासारखा स्राव: यातलं एकही दिसलं तर 108 लावा. सुरगाण्याकडून नाशिक गाठण्यातच वेळ जातो, तेव्हा तिकडच्यांनी तर सकाळची वाट मुळीच बघू नये. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

हेल्मेटने कवटी फुटण्याचा धोका बराच कमी होतो, हादरा मात्र हेल्मेट घालूनही बसू शकतो. 2021 मध्ये नाशकात हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याची मोहीम झाली, तेव्हा पंपापुरतं उसनं हेल्मेट घेणारेही निघाले.

आणि पडलेल्याच्या तोंडाला दारूचा वास आला की 'चढलीय, झोपू द्या' म्हणतात. त्याला हलवून जागं करा. नीट जागा होत नसेल तर नशा उतरायची वाट न बघता दवाखाना गाठा.