‘टीसीआरजी’ नसलेला शिक्षक खोटा असतो का?

आयरिश नृत्याचा क्लास शोधणाऱ्या पालकांना एक सल्ला हमखास मिळतो: नावापुढे ‘टीसीआरजी’ असेल तरच शिक्षक खरा. हे अर्धसत्य आहे.

टीसीआरजी ही डब्लिनच्या ‘अन कोमिशून’ या 1930 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या संस्थेची शिक्षक-पात्रता. परीक्षा कठीण आहे. नाचून दाखवणं, शिकवून दाखवणं, शिवाय ‘केली’ नावाच्या आयरिश समूहनृत्यांची लेखी परीक्षा. तिचा मान राखायलाच हवा. पण 1969 मध्ये काही शिक्षक वेगळे झाले आणि ‘अन कोडॉल’ ही संस्था उभी राहिली. तिची पात्रता वेगळी, स्पर्धाही वेगळ्या. मूल ज्या संस्थेच्या शाळेत जातं, बहुधा तिच्याच स्पर्धांत उतरतं. म्हणून पदवीआधी हे विचारा: शाळा कोणत्या संस्थेची, आणि आपल्या मुलाला स्पर्धेत उतरायचंय तरी का?

स्पर्धा नको असेल तर वाटा कितीतरी. पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमाराचं ‘शान-नोस’ हे पारंपरिक एकल नृत्य बघा: हात मोकळे, पावलं जमिनीलगत, स्पर्धांमधला विग नाही की झगमगता पोशाख नाही. ते शिकवणाऱ्या उत्तम शिक्षकांकडे टीसीआरजी नसणं अगदी स्वाभाविक आहे. चार जोड्यांनी मिळून करायच्या ‘सेट’ नृत्यासाठी आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॉल्बेला दर जुलैत विली क्लॅन्सी उन्हाळी शाळा भरते, तिथे नवखेही येतात.

आणि एक तास स्वतः बसून पाहाच. काँक्रीटवर थेट हार्ड शूजमध्ये (ठेका वाजवायच्या कडक तळव्याच्या बुटांत) उड्या मारायला लावत असतील तर पदवी कितीही मोठी असो, मुलाला तिथे घालू नका. घोटे आणि नडग्या त्याच्याच दुखणार आहेत.