पासवर्ड उडाले की नुसते दिसंनात? अपग्रेडनंतर बिघाड प्रोग्रामचा की डेटाबेसचा, हे असं ओळखा

"पासवर्ड मॅनेजरचं अपग्रेड मारलं अन् सगळे पासवर्ड उडाले की हो" असा फोन आला की माझा पहिला प्रश्न एकच असतो, स्क्रीनवर नेमकं काय दिसायलंय ते वाचून सांगा. कारण उडाले आणि दिसंनात यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्याकडं सेतू केंद्रावर, कृषी सेवा केंद्रात, शाळेच्या ऑफिसात एकाच कंप्युटरवर महाडीबीटी, पीक विमा, जीएसटी, बँक असे ढीगभर लॉगिन असतात, तिथं घाबरलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत जे काही करून बसतो त्यानंच खरं नुकसान होतं, अपग्रेडनं नाही.

सगळे पासवर्ड एका जागी कुलपात सांभाळणारा, ज्याला आपण पासवर्ड मॅनेजर म्हणतो, त्या मुळात दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक म्हणजे प्रोग्राम, जो सी ड्राइव्हमध्ये इन्स्टॉल होतो आणि अपग्रेडला बदलतो. दुसरी म्हणजे डेटाबेस फाइल, जिच्यात तुमचे पासवर्ड कुलूपबंद असतात आणि जी तुम्ही जिथं ठेवली तिथंच पडून असते. मी इथं कीपास आणि कीपासएक्ससी धरून सांगतोय, कारण यात फाइल आपल्याच कंप्युटरवर असते, नेट गेलं तरी चालतं, आणि आपल्या भागात नेट कधी जाईल याचा भरवसा नाही. या दोघांची फाइल डॉट केडीबीएक्स (.kdbx) नावानं संपते. अपग्रेडचा इन्स्टॉलर त्या फाइलला हातसुद्धा लावत नाही. तलाठी ऑफिसला नवा रंग दिला, कपाटं हलवली म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही, फार तर दप्तर कुठल्या कपाटात गेलं ते सापडंना एवढंच होतं, तसंच आहे हे.

ह्या दोघांच्या मधे एक पातळ थर असतो, सेटिंगचा. शेवटी कुठली फाइल उघडली होती, कुठली 'की फाइल' (पासवर्डच्या जोडीला किल्ली म्हणून लावायची वेगळी फाइल) लावली होती, ही आठवण प्रोग्राम वेगळी ठेवतो, इन्स्टॉल केलेल्या कीपासची ती अ‍ॅपडेटा फोल्डरमधे असते. आधी झिपवालं पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं, वापरत होता अन् आता इन्स्टॉलर टाकला, किंवा विंडोजचा युजर बदलला, की ही आठवण जाते, फाइल मात्र जागच्या जागी. निम्मे फोन या थरामुळंच येतात असं मला वाटतं.

आता सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार, प्रोग्राम उघडला अन् आत काहीच नाही, कोरी विंडो. हा प्रोग्रामचा विसरभोळेपणा आहे, डेटाबेसचा बिघाड नाही. परभणीकडच्या एका केंद्रचालक दादांनी अशा वेळी काय केलं, तर समोर न्यू डेटाबेस दिसलं, ते दाबलं, तेच जुनं नाव दिलं, सेव्ह करताना "आधीची फाइल बदलायची का" विचारलं तर हो म्हणले. म्हणजे प्रोग्रामनं जे केलंच नव्हतं ते स्वतःच्या हातानं झालं. नशीब एवढं की जुनी कॉपी पेन ड्राइव्हवर निघाली. म्हणून कोरी विंडो दिसली की न्यूवर बोट जाऊ द्यायचं नाही, एक्सप्लोररमधे जायचं, सर्चला स्टार डॉट केडीबीएक्स (*.kdbx) टाकायचं आणि जेवढ्या फाइली निघतील त्यांची साइज आणि तारीख बघायची. नवी रिकामी फाइल जेमतेम एक-दोन केबीची असते, वर्षानुवर्षं भरलेली त्याहून कितीतरी मोठी, नजरेलाच कळतं. बऱ्याचदा एकाच नावाच्या दोन निघतात, एक साध्या डॉक्युमेंट्समधे अन् एक वनड्राइव्हच्या डॉक्युमेंट्समधे, कारण वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाला की तो हे फोल्डर आपल्याकडं ओढून घेतो. दोन्हीची कॉपी पेन ड्राइव्हवर टाका, मग ओपन करून बघा.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे आणि इथं जरा थांबून सांगतो. फाइल सापडली, पण मास्टर पासवर्ड, म्हणजे ती फाइल उघडायचा मुख्य पासवर्ड, चालंना. कीपासएक्ससीत वर सांगतात की माहिती चुकीची आहे, अन् पुढं जोडतात की असंच होत राहिलं तर फाइल खराब झालेली असू शकते. ती शेवटची ओळ वाचली की माणसाच्या पायाखालची जमीन सरकते. पण खराब फाइल हे शेवटचं कारण धरायचं, पहिलं नाही. आपल्याकडं दिवसभर अर्ज मराठीत टाइप करायलेत, कीबोर्ड इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी मांडणीवर, राहिलेला असतो, आणि मास्टर पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात त्यामुळं कळतच नाही की आपण इंग्रजी नाही, मराठी अक्षरं हाणतोय. बाजूचं डोळ्याचं चिन्ह दाबा, कीपासमधे तिथं तीन ठिपक्यांचं बटण असतं, आणि काय उमटतंय ते डोळ्यानं बघा. विंडोज अन् स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. कॅप्स लॉकही तेव्हाच बघून घ्या.

तेही नीट असेल तर विचार करा, ही फाइल बनवताना पासवर्डच्या जोडीला की फाइल लावली होती का? लावली असेल तर आतापर्यंत प्रोग्राम ती जागा आपोआप भरत होता, म्हणून तुम्हाला ती आठवतही नाही, आणि अपग्रेडच्या भानगडीत सेटिंगची आठवण गेली की ती जागा रिकामी राहते, मग पासवर्ड शंभर टक्के बरोबर असून कुलूप उघडंना. बिघाड डेटाबेसचा वाटतो, असतो सेटिंगचा. की फाइल परत निवडून दिली की झालं. मात्र ती फाइल नोटपॅडमधे उघडून काही बदलून सेव्ह केलेली असेल तर ती किल्ली बहुतेक मेलीच समजा.

याच ओळीतली एक गोष्ट मात्र खरंच गंभीर आहे. कीपासमधे मास्टर कीला, म्हणजे डेटाबेस उघडायच्या किल्लीला, विंडोज युजर अकाउंट जोडायची सोय आहे. ते जोडलेलं असेल आणि कुणी अपग्रेडच्या नावाखाली विंडोजच फॉरमॅट करून नवं टाकलं, तर त्याच नावाचा, त्याच पासवर्डचा युजर बनवून काहीही उपयोग होत नाही, जुन्या अकाउंटचा नीट बॅकअप लागतो. आणि कीपासएक्ससीला तर ही सोयच नाही, त्यामुळं अशी फाइल तिथं उघडणारच नाही. माझं स्पष्ट मत, सेवा केंद्रावर जिथं कंप्युटर येता-जाता फॉरमॅट होतो तिथं हा पर्याय लावूच नये.

पासवर्ड अ‍ॅपमधे दिसायलेत पण ब्राउझरमधे आपोआप भरंनात, हा तर निव्वळ प्रोग्रामकडचा मामला आहे, डेटाबेसची चिंता सोडून द्या. कीपासएक्ससीच्या सेटिंगमधे ब्राउझर इंटिग्रेशन चालू करा, क्रोम, एज, फायरफॉक्स यातला जो वापरता त्याच्यापुढं टिक करा, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. पण एक खूण ध्यानात ठेवा. ब्राउझरमधल्या कीपासएक्ससीच्या एक्स्टेन्शननं (जोडणीनं) परत नव्यानं कनेक्ट करायला सांगितलं तर जरा शंका घ्या, कारण त्या जोडणीची नोंद डेटाबेसच्या आतच असते, म्हणजे कदाचित तुम्ही जुनीच कॉपी उघडून बसलाय.

मग दोन कंप्युटरांतला घोळ. घरी नवं टाकलं, केंद्रावर जुनंच, आणि केंद्रावर फाइल उघडंना, व्हर्जन चालत नाही म्हणतंय. २०१७ च्या जानेवारीत कीपास २.३५ आलं आणि केडीबीएक्स ४ हा नवा फॉरमॅट सुरू झाला, त्याच्या आधीच्या कीपासला तो वाचता येत नाही. फाइल ठणठणीत आहे, वाचणारा जुना आहे, केंद्रावरचंही अपग्रेड करा. उलटीकडून, अगदी जुन्या कीपास १ ची डॉट केडीबी फाइल असेल तर नव्यात ती इम्पोर्टनं आणावी लागते. कामून ही कटकट, जुनंच बरं, असं म्हणू नका. कीपास २ मधे मास्टर पासवर्डचा बहुतेक भाग कंप्युटरच्या मेमरीतून काढता येत होता, ते छिद्र २०२३ मधे २.५४ ला बुजवलं. त्याच्या मागचं कुणी वापरत असेल तर आजच बदला.

खरोखर डेटाबेस बिघडलाय हे कधी मानायचं? फाइलची साइज शून्य किंवा एकदम घसरलेली आहे, सेव्ह करताना लाईट गेली होती, किंवा पेन ड्राइव्ह तसाच उपटला होता, आणि त्याच पासवर्डनं त्याच की फाइलनं जुनी कॉपी उघडते पण ही उघडंना. तेव्हा मूळ फाइलीला हात न लावता तिच्या कॉपीवर काम करा. कीपासच्या इम्पोर्टमधे केडीबीएक्सचा रिपेअर मोड आहे, नवा डेटाबेस दुसऱ्या नावानं बनवून त्यात तो चालवून बघा, निघेल तेवढं निघेल. फाइल गूगल ड्राइव्हवर असेल तर त्याआधी तिथं मॅनेज व्हर्जन्स बघा, जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस राहते, म्हणून उशीर करू नका. कीपासएक्ससीत सेव्ह करण्याआधी बॅकअप घ्यायचा पर्याय आहे, तो आपल्याला स्वतःहून चालू करावा लागतो.

बिटवॉर्डनसारख्या ऑनलाइनवाल्यांचं थोडक्यात. तिथं डेटाबेस त्यांच्या सर्व्हरवर, त्यामुळं अ‍ॅप बिघडलं तर आधी ब्राउझरमधून वेबसाइटवर लॉगिन करून बघा, तिथं दिसलं म्हणजे सगळं जागेवर आहे. नव्यानं इन्स्टॉल केल्यावर पासवर्ड चुकीचा म्हणत असेल तर लॉगिनच्या पानावर सर्व्हर डॉट कॉम आहे की डॉट ईयू ते बघा, दोन्हीकडची खाती वेगळी असतात.

आणि ज्यांनी घाबरून आधीच वेगळ्या नावानं नवा डेटाबेस बनवला, त्यात चार-आठ दिवसांचे नवे पासवर्डही टाकले, अन् मग जुनी फाइल सापडली, त्यांनी कुठलीच डिलीट करू नये. दोन्हीची कॉपी काढा, जुनी उघडा, कीपासएक्ससीत डेटाबेस मेनूतलं मर्ज घ्या आणि नवी फाइल निवडा, दोन्हीकडच्या नोंदी एकत्र येतात. एखादं लॉगिन दोनदा दिसेल, त्यातला चालणारा कोणता ते त्या साइटवर टाकूनच ठरवा.