वजन लावायची जुनी विद्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं ‘पायाला वजन लावलंय’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. कॉटच्या पायथ्याशी कप्पी, तिच्यावरून दोरी आणि दोरीला लोंबतं वजन. लिंगातल्या गाठीवरची ट्रॅक्शन थेरपी, म्हणजे ताण देऊन करायचा उपचार, याच घराण्यातली. मात्र इथला गडी केसपेपर काढताना ‘पोटाचं आहे’ म्हणतो आणि डॉक्टरांपुढं बसल्यावर आधी दार लागलंय का बघतो.

दुखणं जुनंच. फ्रान्सच्या पंधराव्या लुईचे शल्यचिकित्सक पेरोनी यांनी 1743 मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि रोगाला त्यांचंच नाव चिकटलं, पेरोनीचा रोग. उपाय काय, तर फ्रान्समधल्याच बारेजच्या गरम झऱ्याचं पाणी! आपल्या भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींना हसताना हे आठवतं.

ताठ लिंग मुडपलं की आतल्या चिवट आवरणाला इजा होते. काहींच्यात ती भरताना जाड वण उरतो, हीच ती गाठ. वण ताणत नाही, म्हणून ताठरता आली की लिंग त्याच बाजूला वाकतं. नेसबिट या सर्जननी 1965 मध्ये जन्मजात बाकासाठी शस्त्रक्रिया सांगितली, ती पुढं या रोगालाही वापरली गेली. सदऱ्याची एक बाजू आखूड झाली म्हणून दुसरीला चुणी घालावी, तसा प्रकार. बाक जातो, पण लांबी थोडी घटते. पेशंटला नेमकं तेच नको असतं.

रशियात डॉक्टर इलिझारोव्ह यांनी हाडाबाबत दाखवलं होतं की सावकाश, सतत ताण दिला तर शरीर नवी ऊती घडवतं. तोच विचार इथं आला. अमेरिकेतल्या 2008 च्या छोट्या अभ्यासात फक्त 10 पुरुष होते. रोज 2 ते 8 तास, सहा महिने लिंग ताणून धरणारं उपकरण लावायचं. बाक सरासरी 51 अंशांवरून 34 वर आला. पण शेतात नाहीतर फाउंड्रीत राबणाऱ्यानं आठ तास ते बांधून फिरायचं कसं? 2019 मध्ये मेयो क्लिनिकच्या चाचणीत नव्या उपकरणानं हा वेळ रोज 30 ते 90 मिनिटांवर आणला.

हे घरी दोरी-वजन बांधून करायचं काम नव्हे, यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखालचं आहे. आणि ‘कट्’ असा आवाज होऊन ताठरता एकदम गेली, सूज येऊन काळंनिळं पडलं, तर ते लिंगाचं फ्रॅक्चर, म्हणजे आतलं ते आवरणच फाटलेलं. तिथं ट्रॅक्शन नाही, तेल नाही. लगेच दवाखाना गाठायचा. बहुतेकदा तातडीनं टाकेच घालावे लागतात.