घळभरणी आधी, कालवा मागाहून : कृष्णा खोऱ्यातल्या अर्धवट प्रकल्पांची पार्श्वभूमी

सिंचन प्रकल्प का रखडला, असे विधिमंडळात विचारले की छापील उत्तर येते, ‘निधीअभावी’. निधी कमी पडतो हे खरेच. पण प्रकल्पाला लागणाऱ्या साधनांमध्ये पैसा हे एक साधन झाले. दसऱ्यानंतर मिळणारे सात-आठ महिन्यांचे कोरडे दिवस, मातीकामाची यंत्रे, संकल्पचित्रे करणारे अभियंते, कालव्याखाली जाणारी जमीन आणि उपसा योजना असेल तर वीज, हे सगळे जुळले तरच पाणी शिवारात पोहोचते. कृष्णा खोऱ्यात ही सगळी साधने एका तारखेकडे तोंड करून लावली गेली. ती तारीख होती ३१ मे २०००. आजच्या अर्धवट कालव्यांचा उगम शोधायचा तर तिथपर्यंत मागे जावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात. ब्रिटिश काळात भाटघर, खडकवासला, भंडारदरा अशी निवडक धरणे झाली. एकाच वेळी फार कामे हाती घ्यायची नाहीत, कारण सिंचनाच्या कामाने आपले व्याज स्वतः सोडवावे असा तेव्हाचा हिशेब होता. दुष्काळी भागातली संरक्षक कामे त्या हिशेबात बसत नसत, म्हणून ती थोडी आणि रडतखडत झाली. राज्य स्थापन झाल्यावर १९६२ च्या सिंचन आयोगाने पाण्याचा राज्यव्यापी आढावा घेतला आणि धरणांचा वेग वाढला. १९७२ च्या दुष्काळानंतर तो आणखी वाढला. इथेच एक सवय लागली. प्रत्येक तालुक्याला एक धरण, प्रत्येक धरणाला थोडी तरतूद, म्हणजे कुणीच नाराज नाही.

दरम्यान १९६९ मध्ये नेमलेल्या कृष्णा लवादाने (राज्यांमध्ये कृष्णेचे पाणी वाटून देणाऱ्या न्यायाधिकरणाने) डिसेंबर १९७३ मध्ये निर्णय दिला आणि मे १९७६ मध्ये तो अंतिम स्वरूपात अधिसूचित झाला. ७५ टक्के विश्वासार्हतेच्या, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी मिळेल अशा, २०६० टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८००. पुनरुद्भवी, म्हणजे वापरानंतर झिरपून नदीत परत येणारे, पाणी धरून महाराष्ट्राचा आकडा पुढे ५८५ आणि एकूण वाटप २१३० झाले. यातलेच ६७.५ टीएमसी कोयनेच्या विजेसाठी सह्याद्रीपलीकडे सोडायचे. त्यामुळे आटपाडी, जत, माण, खटाव, सांगोल्याच्या वाट्याला काय उरणार हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

या निर्णयाच्या एका कलमावर जेवढी राजकीय भाषणे झाली तेवढी बाकीच्या सगळ्या निर्णयावर मिळून झाली नसतील. ‘३१ मे २००० पर्यंत पाणी अडवले नाही तर ते कायमचे गेले’ हे वाक्य सांगली-साताऱ्यातल्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळायचे. निर्णयात तसे कुठेही म्हटलेले नाही. कलमाचा आशय असा की ३१ मे २००० नंतर केव्हाही या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल. मात्र एखाद्या राज्याने आपल्या वाट्याच्या मर्यादेत जो वापर हाती घेतला असेल त्याला शक्यतो धक्का लागू नये. म्हणजे त्या दिवशी पाणी जप्त होणार नव्हते. वाटपाला असलेले संरक्षण सैल होणार होते आणि प्रत्यक्ष वापराचे संरक्षण कायम राहणार होते.

मग वापर ‘हाती घेतला’ कधी म्हणायचा? कागदावरच्या प्रशासकीय मान्यतेपासून? धरणात पाणी साठले तेव्हापासून? की शेवटच्या शेतचारीतून ते पिकाला मिळाले तेव्हापासून? या प्रश्नाचे बिनचूक उत्तर कुणाकडेच नव्हते आणि जे नव्हते ते प्रत्येकाने आपल्या सोयीने भरून घेतले. त्यात लवादाच्या हिशेबाची पद्धत आणखी गुंता वाढवणारी. जलाशयातले बाष्पीभवन वापरात धरायचे. शहराला पिण्यासाठी उचललेल्या पाण्याचा फक्त २० टक्के भाग वापर म्हणून मोजायचा, उद्योगांच्या बाबतीत अडीच टक्के. म्हणजे धरण भरले की कालवा नसतानाही काही वापर वहीत दिसतोच. हा हिशेब कळलेल्या माणसाला धरण आधी आणि कालवा मागाहून हा क्रम अडाणीपणाचा वाटणार नाही. त्या क्रमात एक तर्क होता, हे मान्य करायला हवे.

१९९६ चा निर्णय या तर्कावर उभा आहे. राज्याच्या अर्थसंकल्पातून एवढी कामे चार वर्षांत होणे शक्य नव्हते. म्हणून कायदा करून कृष्णा खोऱ्यासाठी स्वतंत्र महामंडळ काढले गेले आणि सरकारच्या हमीवर रोख्यांमधून बाजारातला पैसा उभा करायचे ठरले. अर्थसंकल्पाबाहेर कर्ज उभारून सिंचन करण्याचा एवढा मोठा प्रयोग राज्यात याआधी झाला नव्हता. पुढच्या दोन वर्षांत विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी-मराठवाडा यांनाही त्याच साच्यातली महामंडळे मिळाली. रोख्यांना प्रतिसाद चांगला आला. हमी सरकारची आणि व्याजदर चढे, तेव्हा न यायला काय झाले?

पैसा हाती आल्यावर खरी परीक्षा निवडीची होती. ती निवड झाली नाही. धोम-बलकवडी, उरमोडी, तारळी, नीरा-देवघर, गुंजवणी, भामा-आसखेड, ताकारी, म्हैसाळ, टेंभू असे जुने-नवे प्रकल्प जवळपास एकदम पळवायचे ठरले. पैसा रोख्यातून आणता आला. अनुभवी अभियंता, जमीन आणि कोरडा हंगाम रोख्यातून येत नाहीत.

घळभरणीचे उदाहरण घेऊ. मातीच्या धरणात दोन्ही तीरांकडचे भाग काही वर्षे चढवत नेतात आणि मधली घळ नदीसाठी मोकळी ठेवतात. शेवटच्या हंगामात पावसाळा ओसरल्यावर ती घळ भरायला घ्यायची आणि पुढच्या पावसाआधी सुरक्षित उंचीला न्यायची. ती अर्धवट राहिली आणि पूर आला तर आधीची सगळी वर्षे वाहून जातात. म्हणून त्या एका हंगामात डंपर, रोलर, पाण्याचे टँकर, माती तपासणारी माणसे, सगळे तिथेच लागते. सांडवा, म्हणजे पुराचे जादा पाणी सोडायची वाट, तोवर पुरेसा झालेला हवा. बुडीत क्षेत्रातली गावे उठलेली हवीत. एका पाटबंधारे मंडळात एका वर्षी एक घळभरणी हा शहाणपणाचा वेग. पण तारीख जवळ आली तसे एकाच हंगामाकडे अनेक घळी डोळे लावून बसल्या. कालव्यावरची यंत्रे धरणावर गेली. संकल्पचित्रे पुरी होण्याआधी निविदा निघाल्या, मग खोदताना निघालेला खडक ‘जादा बाब’ म्हणून अंदाजपत्रकात चढला. पुनर्वसनाचा कायदा १९७६ पासून होता आणि ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणाही जुनीच. तरी बऱ्याच कुटुंबांना पावसाच्या तोंडावर पत्र्याच्या शेडांमध्ये हलवले गेले, कारण पाणी थांबणार नव्हते.

कालवा मागे पडला याचे आणखी एक साधे कारण आहे. धरणाची जमीन एकगठ्ठा घेता येते. कालवा शेकडो सातबाऱ्यांमधून जातो आणि एका सातबाऱ्यावर अडला की खालचे सगळे काम निरर्थक होते. वितरिका आणि शेतचाऱ्यांचे तर उद्घाटनही कुणी करत नाही. अधिकाऱ्याला वर्षाअखेर भौतिक प्रगती दाखवायची असते, धरणाची भिंत ती लगेच दाखवते.

माझे मत असे की भीती खरी होती, उपाय चुकला. खोऱ्यातली निम्मी कामे बाजूला ठेवून उरलेली निम्मी धरणापासून शेतचारीपर्यंत पुरी केली असती तर ३१ मे २००० ला दाखवायला जास्त ठोस वापर हाती असता. पण कुठली निम्मी हे सांगायचे कुणी? चार वर्षांत एक निवडणूक येणार होती. तशी ती १९९९ मध्ये आलीही.

तारीख आली आणि गेली. त्या दिवशी काहीच घडले नाही. दुसरा कृष्णा लवाद २००४ मध्ये नेमला गेला आणि डिसेंबर २०१० मध्ये त्याने दिलेल्या निर्णयात पहिल्या लवादाच्या २१३० टीएमसीच्या वाटपाला हातच लावला नाही. महाराष्ट्राचे ५८५ शाबूत राहिले आणि जादा पाण्यातून ८१ टीएमसी वाढवून एकूण ६६६ झाले. १९९६ च्या निर्णयाचे समर्थक म्हणतात, धरणे उभी होती म्हणूनच ५८५ वाचले. टीकाकार म्हणतात, शेजारच्या राज्यांचे वाटपही जसेच्या तसे राहिले, मग घाईने वाचवले काय? निर्णय वाचला तर टीकाकारांची बाजू जड वाटते. पण १९९६ मध्ये बसलेल्या माणसाला २०१० दिसत नव्हते हेही विसरता येत नाही.

तोवर खोऱ्याचा पैसा आटला होता. जुन्या रोख्यांचे व्याज आणि परतफेड महामंडळाच्या खर्चात मोठा वाटा खाऊ लागली आणि शेवटी ते ओझे राज्याच्या तिजोरीवरच आले. त्याच सुमारास, २००१ पासून, अनुच्छेद ३७१(२) खालच्या राज्यपालांच्या निर्देशांनुसार सिंचनाचा निधी अनुशेषाच्या, म्हणजे कुठला विभाग किती मागे राहिला याच्या, सूत्राने विभागला जाऊ लागला. विदर्भ-मराठवाड्यावरचा अन्याय मोजण्याचे काम १९८४ च्या सत्यशोधन समितीच्या अहवालापासून चालू होते आणि ते रास्तच होते. फक्त त्या गणितात आटपाडी आणि जत ‘उर्वरित महाराष्ट्र’ या गठ्ठ्यात बसतात, बागायती कोल्हापूरच्या शेजारी. तिथला दुष्काळ सरासरीत विरघळून जातो. अर्धवट प्रकल्पांची संख्या सर्वात फुगलेली असतानाच खोऱ्याच्या निधीला वरून झाकण बसले.

अर्धे काम थांबले तरी किंमत थांबत नाही. दरसूची बदलते, भूसंपादनाचा मोबदला वाढतो (१ जानेवारी २०१४ पासूनच्या नव्या कायद्याने तर उडीच मारली) आणि फाइल सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी पुन्हा मंत्रालयात जाते. खात्यात तिला ‘सुप्रमा’ म्हणतात. एकाच प्रकल्पाला दोन-तीन सुप्रमा ही नवलाई राहिली नाही. खोऱ्याबाहेरचे सर्वात ठळक उदाहरण गोसीखुर्दचे, १९८३ च्या ३७२ कोटींचा अंदाज पुढे १८,४९४ कोटींवर गेला.

२०१२ मध्ये हे सगळे चव्हाट्यावर आले. दहा वर्षांत सुमारे सत्तर हजार कोटी खर्चून सिंचनक्षेत्राचे प्रमाण ०.१ टक्क्याने वाढले, असा अर्थ आर्थिक पाहणीच्या आकड्यांतून काढला गेला. श्वेतपत्रिका निघाली, विशेष तपास पथक नेमले गेले. पीकक्षेत्र कसे मोजले, विहिरींचे सिंचन धरले की नाही, यावर खाते आणि टीकाकार वर्षभर भांडले. दोषी कोण हे ठरायलाच हवे. पण त्या गदारोळात क्रमाचा प्रश्न हरवला. एखादे धरण अत्यंत प्रामाणिकपणे बांधले आणि त्याला कालवा नसेल तर सिंचनक्षेत्र शून्यच येणार.

कालवा नसलेले धरण रिकामे मात्र राहत नाही. भामा-आसखेडचे पाणी खेड, शिरूर, दौंडच्या शेतीसाठी होते. कालव्यांचे काम रखडले, शेवटी कालवेच रद्द झाले आणि २०२१ च्या सुरुवातीला त्या धरणाचे पाणी पुण्याच्या पूर्व भागात नळाला आले. लवादाच्या हिशेबात ते २० टक्केच मोजले जाणार. गुंजवणीत उघड्या कालव्याऐवजी बंद नलिका घालायचे ठरले, कारण जमीन मिळेना. उपसा योजनांचे दुखणे वेगळे. पंपगृहे उभी राहिली आणि वीजबिल कुणी भरायचे यावर ती अनेक हंगाम बंद राहिली. पुढे बिलाचा ८१ टक्के भाग सरकारने आणि १९ टक्के लाभधारकांनी भरायचा असे सूत्र निघाले. एवढी वीज लागणार हे पहिल्या अंदाजपत्रकाच्या वेळीही माहीत होते.

पैशाची वाट पुन्हा मोकळी झाली ती २०१६ नंतर. केंद्राने देशभरातले ९९ रखडलेले प्रकल्प निवडून त्यांना नाबार्डच्या कर्जाची जोड दिली, त्यात महाराष्ट्राचे २६ होते. २०१८ मध्ये बळीराजा जलसंजीवनी योजनेत राज्यातले आणखी प्रकल्प आले. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळच्या कालव्यांना खरा वेग याच काळात मिळाला. विशेष म्हणजे या वेळी पैसा निवडलेल्या यादीलाच बांधलेला होता, तो इतरत्र वळवता येत नव्हता. १९९६ मध्ये न झालेली निवड वीस वर्षांनी दिल्लीने करून दिली, असे म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या लवादाचा निर्णय अजून राजपत्रात आलेला नाही, सर्वोच्च न्यायालयाची २०११ ची स्थगिती आहे. त्यामुळे वाढीव ८१ टीएमसीवर नवे प्रकल्प आखता येत नाहीत आणि खोऱ्यातले नवे नियोजन सध्या जुन्याच ५८५ ची फेरमांडणी करून चालते. जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांसाठीची विस्तारित म्हैसाळ योजना अशाच फेरमांडणीतून निघाली आहे. तिला दिलेले सहा टीएमसी पाणी वारणेचे आहे. वारणा धरणाचे कालवे पूर्ण न झाल्याने ते इतकी वर्षे ठरल्या जागी वापरले गेले नव्हते.